बोअरचं पाणी आणि आईचा अनंत

नेकलेस रोडच्या नर्सरी मेळ्यातून गेल्या वर्षी मी अझेलिया आणली. कुंडीभर गुलाबी फुलं! आई एवढंच म्हणाली, "थंड हवेचं झाड आहे गं ते." एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी शेणखत वाढवलं. मेमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि झाड वाळलं.

ती पिवळी पानं मात्र ओळखीची होती. लग्न होऊन रत्नागिरीहून हैदराबादला आल्यापासून आईनं तीनदा अनंत लावला. तिन्ही असेच पिवळे पडून गेले. "इथली माती परकी," म्हणायची. वाचलं तेव्हा कळलं, अझेलिया काय, अनंत काय, दोघांनाही आम्लधर्मी माती लागते, कोकणातल्या जांभ्या मातीसारखी. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की बादलीला पांढरा थर धरतो. त्यानं कुंडीतली माती अल्कधर्मी होते आणि तिच्यातलं लोह मुळांना घेता येत नाही. मग खत घालून काय होणार?

चौथा अनंत पूर्वेच्या गॅलरीत ठेवला, दुपारच्या उन्हाआड. त्याला पावसाचं साठवलेलं पाणी, ते संपलं की एसीच्या नळीखालच्या बादलीतलं. त्यात क्षार जवळजवळ नसतात. (शेजारी हसतात. हसू देत.) अझेलियाचा नाद सोडला. तिच्या कुंडीत आता अडेनियम आहे, त्याला ऊन मानवतं.

परवा अनंताचं पहिलं फूल उमललं. आईनं ते तोडलं नाही. चहाचा कप घेऊन तिथेच बसली, माहेरच्या विहिरीपाशी किती फुलं यायची ते सांगत.