दिल्लीच्या पाटीवरची चौथी ओळ

दिल्लीत रस्त्यांच्या पाट्यांवर एकच नाव चार लिप्यांत लिहिलेलं असतं: देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू. हिंदी ही राजभाषा, पंजाबी आणि उर्दू या दुसऱ्या राजभाषा, असा तिथे रीतसर कायदाच आहे. सांगलीहून गेलेल्या माणसाला यातल्या दोन ओळी वाचता येतात, उरलेल्या दोन तो नक्षी समजून सोडून देतो. लाल किल्ला, कुतुबमिनार पूर्वी शाळेच्या मुलींना घेऊन बघून झाले होते. त्यामुळे या हिवाळ्यात भाचीकडे नोएडाला राहायचं ठरलं तेव्हा मी एकच बेत केला, चौथी ओळ वाचायला शिकायचं.

थंडीचं आधी सांगते, कारण तिचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. आपल्याकडे थंडी अंगणात असते, दिल्लीत ती घरात मुक्कामाला येते. घरं बांधलेली उन्हाळ्याच्या हिशेबाने; फरशीवर पाय टेकवत नाही, भिंतीला हात लावला तरी झिणझिण्या येतात. सकाळी खिडकीचा पडदा सारला तर समोरची बारा मजली इमारत गायब! ते नुसतं धुकंही नव्हे, त्यात धूर मिसळलेला. भाची मोबाइलवर हवेचा आकडा बघून फर्मान काढायची, "मावशी, आज चारशेच्या वर आहे. मास्क लाव, नाहीतर जाऊच नकोस." चारशेच्या वर म्हणजे सरकारी भाषेत 'गंभीर'. मी मास्क लावून जायचेच.

वर्ग निजामुद्दीनच्या बाजूला, एका जुन्या घराच्या माडीवर. शिकवणारे मास्टरसाहेब सत्तरीचे. शेरवानी वगैरे काही नाही, जाड स्वेटर आणि कानटोपी. शिकणारे कोण असतील याचा माझा अंदाज साफ निराळा होता. एक वकीलबाई होत्या. जुन्या शहरातल्या घरांची खरेदीखतं उर्दूत, त्यामुळे अशील येतं आणि आपल्याला कागद वाचता येत नाही, ही त्यांची अडचण. पोलिसांच्या फिर्यादींतही अरबी-फारसी शब्दांची इतकी गर्दी असायची की 2019 साली दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, लोकांना कळेल असं लिहा. दुसरा एक पंजाबी तरुण. त्याचे आजोबा फाळणीत लाहोरहून आले. त्यांच्या वह्यांची ट्रंक घरात आहे आणि घरात कुणाला त्यातली एक ओळ वाचता येत नाही.

हे ऐकून मी थक्क झाले. उर्दू लिपी एका धर्माची, असं आपल्याकडे न बोलता ठरलेलं असतं. पण फाळणीआधीच्या पंजाबात शाळा-कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले, म्हणून तिथून आलेले हिंदू आणि शीखही उर्दूच लिहीत-वाचत. लाहोरचे 'मिलाप' आणि 'प्रताप' हे उर्दू पेपर त्यांच्यापाठोपाठ दिल्लीला आले आणि इथे छापले जाऊ लागले. लाजपतनगरच्या एका बागेत, उन्हात खुर्ची टाकून बसलेले नव्वदीच्या घरातले सरदारजी मी पाहिले. हातात उर्दू पेपर. बोलता बोलता म्हणाले, "हिंदी बोल लेते हैं बेटा, पढ़ी कभी नहीं."

लिपी अवघड आहे, पण भीती वाटावी इतकी नाही. ब, प आणि त यांत फरक फक्त टिंबांचा. खाली एक टिंब ब, खाली तीन प, वर दोन त. अक्षर शब्दाच्या आरंभी एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहीतच नाहीत, ते ज्याने त्याने ओळखायचे. माझ्या वडिलांना मोडी येत असे, तीही अशीच ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करणारी. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे इथून मोडीत पत्रं पाठवत, आणि दरबार मात्र फारसीचा. त्या घराण्याने दोन्ही कागद कसे सांभाळले असतील, हे रजईत बसून अलिफ-बे गिरवताना मला पहिल्यांदा कळलं.

सरावाला जामा मशिदीसमोरचा उर्दू बाजार बरा. नावच उरलंय म्हणा. पुस्तकांची दुकानं थोडी आणि कबाबांचा धूर जास्त. तिथे एक कातिब, म्हणजे सुलेखन करणारे, बसलेले दिसले. लग्नपत्रिकेवरचं नाव लिहीत होते. बोरूचं टोक तिरपं कापलेलं. आधी कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी एक टिंब उमटवलं, चौकटच्या एक्क्यासारखं. ते टिंब हेच माप. अलिफ किती टिंबं उंच, बेचं पोट किती टिंबं लांब, सगळं त्यावर ठरतं. हात मनगटापासून नव्हे, खांद्यापासून हलत होता. 1994 साली इनपेज हे सॉफ्टवेअर आलं आणि उर्दू छपाई संगणकावर गेली. तेव्हापासून या लोकांचं काम लग्नपत्रिका, पाट्या यांवर आलं. पुढे लाल कुआंला हमदर्दचा दवाखाना लागतो, 1906 चा. त्यांच्या रूह अफजाच्या बाटलीवरची जी वेलबुट्टी मी लहानपणापासून पाहत आले होते, ती अक्षरं निघाली, आणि मला ती वाचता आली! भर गल्लीत मी मोठ्याने वाचली. दुकानदार हसला आणि त्याने मला स्टूल दिलं.

किनारी बाजारात दौलत की चाट मिळते, ती फक्त थंडीतच. रात्रभर गारठवलेल्या दुधाचा फेस, वर केशर, खवा आणि पिठीसाखर. जिभेवर ठेवली की संपली. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून सकाळीच जायचं.

एकदा कश्मिरी गेटला बसच्या कपाळावर पाटी दिसली: बुराडी. अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. 10 जानेवारी 1760 ला याच गारठ्यात, यमुनेच्या त्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्यांनी शेवटी दिलेलं उत्तर प्रत्येक मराठी पोराला पाठ असतं. ते उत्तर मराठीत नाही, दिल्लीच्या बोलीत आहे. म्हणजे इथल्या भाषेतलं आपलं पहिलं वाक्य आपण बुराडीवरूनच शिकलेलो असतो. शेजारी उभ्या पोराला विचारलं, बुराडीत काय आहे? "आंटी, कुछ नहीं, कॉलोनियाँ हैं." नोएडातही तेच. 11 सप्टेंबर 1803 ला जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेला हरवलं, त्याचा स्तंभ आज तिथल्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. भाची इतकी वर्षं त्या रस्त्याने ऑफिसला जाते, तिला पत्ता नव्हता.

दिल्लीला जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, आणि जाण्याआधी महिनाभर मुळाक्षरं गिरवून जा. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तेवढा वेळ नसेल तर रेख्ताचं 'आमोजिश' हे संकेतस्थळ घरबसल्या लिपी शिकवतं. गरम कपडे मात्र इथून नेऊ नका. आपल्याकडच्या स्वेटरांचा तिथे उपयोग नाही.