न जपलेल्यांची किंमत

जुन्या बेसबॉल कार्डांना मोल आलं, कारण ती जपायचं कुणाच्या मनातही नव्हतं. टॉप्स कंपनीने १९५२ची न खपलेली कार्डं पुढे समुद्रात बुडवली. त्याच संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. याउलट १९९०च्या आसपासची कार्डं लोकांनी गुंतवणूक म्हणून जिवापाड सांभाळली, आणि आज त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. हा नुसता दुर्मिळतेचा हिशोब, असं कुणी म्हणेल. पण मग अनोळखी खेळाडूंची तितकीच दुर्मिळ कार्डं स्वस्त का? खेळाडूवरचा जीवही त्यात असतो. म्हणूनच जुन्या काळचा खेळाडू होनस वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाच्या कडा छाटल्याची २०१३ मधली कबुली जिव्हारी लागते. नारिंगी पार्श्वभूमीवरचा तो चेहरा, सिगारेटच्या पाकिटातून आलेला. त्याचे कोपरे झिजलेलेच असायला हवे होते.