पाच टर्नांचा पाऊस

पोकेमॉनच्या खेळात रेन टीम खेळणाऱ्यांना मी बरीच वर्षं नावं ठेवत आलो. पाऊस पाडायचा, पाण्याचे हल्ले दीडपट करून घ्यायचे आणि समोरच्याला धुऊन काढायचं, यात डोकं कुठे लागतं, असं माझं ठाम मत होतं. उल्हासनगर कॅम्प 2 च्या नेहरू चौकातल्या चहाच्या टपरीपासून बदलापूरच्या बहिणीच्या घरापर्यंत जो कोणी ऐकून घेईल त्याला मी ते ऐकवत असे. आता मी स्वतः रेन टीम खेळतो. हे कसं झालं ते सांगायचं आहे. पण आधीचं मतही काही हवेतून आलेलं नव्हतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमच्या पिढीला पोकेमॉन भेटला तो कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलणारा. खेळ हातात आला तो त्यानंतर. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद बाहेरच्यांच्या आधी आम्हीच करतो, त्यामुळे माझी ‘रुबी’ची कॅसेट नेमक्या कुठल्या यूएसएतून आली याची मी कधी चौकशी केली नाही. ‘रुबी’ आणि ‘सफायर’ हे जोडखेळ जपानात 2002 साली आले. त्यात ग्राउडन कडक ऊन पाडतो, कायोगर मुसळधार पाऊस. सगळीकडे समुद्रच समुद्र करायला निघालेली एक टोळीही त्यात आहे. मी हा खेळ खेळलो तो 26 जुलै 2005 नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्याकडे उल्हास आणि वालधुनी नद्यांनी काय केलं ते इथल्या कुणालाही विचारा. अख्खं जग पाण्याखाली घालण्यात कुणाला काय मजा वाटावी, हे त्या वयात मला कळेना.

पण मुद्दा वेगळाच. त्या काळच्या खेळात कायोगरने पाडलेला पाऊस थांबतच नसे. समोरच्याने दुसरं हवामान आणलं तरच तो हटायचा. कायोगर दुर्मीळ आणि बहुतेक स्पर्धांत वर्ज्य, म्हणून ते चालून जायचं. 2010 साली खेळांची पाचवी पिढी आली आणि पॉलिटोडसारख्या साध्यासुध्या बेडकालाही तीच ताकद मिळाली. मैदानात नुसतं पाऊल टाकायचं, की सामना संपेपर्यंत पाऊस. त्यात किंगड्रा किंवा लुडिकोलो असले, म्हणजे पावसात ज्यांचा वेग दुप्पट होतो असे, की समोरच्याला हात हलवायलाही वेळ मिळत नसे. स्मोगन या खेळाडूंच्या जाणत्या मंडळाने शेवटी नियमच केला: पाऊस आणणारा आणि पावसात वेगाने पळणारा, दोघं एका टीममध्ये चालणार नाहीत. माझं मत त्या दिवसांतलं आहे, आणि त्या दिवसांपुरतं मी ते आजही मागे घेत नाही.

मग 2013 मध्ये ‘एक्स’ आणि ‘वाय’ आले आणि हा पाऊस पाच टर्नांवर आला. डॅम्प रॉक नावाचा दगड हातात दिला तर आठ. खेळ बदलला, मी बदललो नाही. नोकरी लागली, खेळणं सुटलं, मत तेवढं शिल्लक राहिलं. न खेळणाऱ्या माणसाची मतं फार टिकाऊ असतात.

पुन्हा खेळायला लागलो ते भाच्यामुळे. त्याचा स्विच दुबईच्या काकाने आणलेला. माझ्याकडे फोन आणि पोकेमॉन शोडाउन. ब्राउझरमध्ये फुकट चालतं, दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत एक सामना सहज होतो. अधिकृत स्पर्धांचा साचा डबल्सचा: सहा पोकेमॉन न्यायचे, समोरच्याचे सहा बघून त्यातले चार निवडायचे, एका वेळी दोन मैदानात. ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’च्या काळापासून मोठ्या स्पर्धांत टीमचा कागदही उघडा असतो. कुणाकडे कोणती चाल, कोणती वस्तू, सगळं आधीच कळतं. मला हे लपवाछपवी नसलेलं प्रकरण आवडलं. मी सहा दणकट गडी गोळा केले, हवामानाला हात न लावता, आणि भाच्याच्या ऊनवाल्या टीमकडून सपाटून मार खाल्ला. त्याचं म्हणणं एवढंच, “मामा, तुझ्या टीमला काही म्हणायचंच नाहीये.”

झोंबलं. मी रेन टीम बांधायला घेतली, तीही अर्धी चिडून. पहिली बांधणी कुणीही करेल तशी: पाऊस आणणारा पेलिपर आणि पावसावर पोसलेले पाच. ती टीम पहिले काही टर्न वाघासारखी खेळायची आणि सहाव्या टर्नला ओल्या मांजरासारखी उभी राहायची. त्यातही एक मेख आहे. पेलिपर सुरुवातीलाच उतरवला तर पूर्ण पाच टर्न पाऊस मिळतो. मधे अदलाबदलीने आणला तर तो येण्याचा टर्नही हिशोबात धरला जातो, म्हणजे कामाचे चारच उरतात. टेलविंड लावून वेग वाढवायचा म्हटलं तर तेही चार टर्न, लावला तो धरून.

मी गजानन मार्केटमध्ये एका दुकानाचे हिशोब लिहितो. आमचे शेठ जूनमध्ये रेनकोट दर्शनी लटकवतात, पण आतले रॅक कधी रेनकोटने भरत नाहीत. सीझनचा माल गिऱ्हाइकाला आत आणण्यापुरता, धंदा बारमाही मालावर, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वह्यांत मी ते रोज बघतो, तरी टीम बांधताना डोक्यात आलं नाही.

मग टीममध्ये इन्सिनरोर घेतला. तो आगीचा. पावसात आगीचे हल्ले निम्म्यावर येतात, म्हणजे कागदावर हा शुद्ध वेडेपणा. पण इन्सिनरोरला मी आग ओकायला घेतलेलंच नाही. तो मैदानात आला की समोरच्या दोघांचा अटॅक उतरतो आणि पहिल्याच टर्नला फेक आउट मारून तो एकाला गप्प बसवतो. ही दोन्ही कामं उन्हात, पावसात, वाळूत सारखीच होतात. सोबत अमूंगस, ज्याला आगीची भीती. पाऊस असला की ती भीतीही निम्मी. खरा पावसाचा मानकरी एकच, आर्काल्युडॉन. त्याचा इलेक्ट्रो शॉट एरवी एक टर्न ताकद जमवतो आणि दुसऱ्या टर्नला सुटतो. पावसात त्याच टर्नला सुटतो, आणि वर स्पेशल अटॅकही एक पायरी चढलेला. 2023 च्या डिसेंबरात तो खेळात आला आणि रेन टीमचं रूपच पालटलं.

माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते भाच्याविरुद्धच्याच एका सामन्यात. त्याने उतरवले टॉर्कोल आणि हिसुई जातीची लिलिगंट. हे जोडपं कुप्रसिद्ध आहे. टॉर्कोल ऊन पाडतो, उन्हात लिलिगंटचा वेग दुप्पट, ती आफ्टर यू वापरून त्या संथ कासवाला सगळ्यांच्या आधी हल्ल्याची संधी देते आणि कासव इरप्शनने दोघांनाही भाजून काढतं. माझ्याकडून इन्सिनरोर आणि आर्काल्युडॉन. पूर्वीचा मी असतो तर पेलिपर पहिलाच उतरवला असता आणि तोंडघशी पडलो असतो. दोन हवामानवाले एकदम उतरले की वेगवानाची करामत आधी लागते, संथाची नंतर, आणि नंतरचीच टिकते. पेलिपरचा मूळ वेग 65, टॉर्कोलचा 20. कासवापेक्षा मंद व्हायचं म्हटलं तरी पेलिपरला ते जमणारं नाही. वाळूचं वादळ आणणाऱ्या टायरॅनिटारचा वेग 61, त्याच्या वाळूनंतर आपला पाऊस लागावा म्हणून लोक पेलिपरला मुद्दाम मंद करून ठेवतात. वेग घटवण्यासाठी मेहनत घ्यायला लावणारा हा खेळ मला इथेच आवडायला लागला.

तर पहिल्या टर्नला मी आर्काल्युडॉन मागे घेऊन पेलिपर आणला. अदलाबदल हल्ल्यांच्या आधी होते, त्यामुळे कुणी काही करायच्या आत उन्हाचा पाऊस झाला. इन्सिनरोरने टॉर्कोलला फेक आउट मारला. लिलिगंटने आफ्टर यू केलं खरं, पण कासव दचकून बसलेलं, चाल वाया. दुसऱ्या टर्नला लिलिगंटचा दुप्पट वेग गेलेला होता. तिने इन्सिनरोरला झोडपलं आणि मग पेलिपरचं हरिकेन तिच्यावर आलं. एरवी शंभरात तीस वेळा हुकणारी ही चाल पावसात कधीच हुकत नाही, आणि गवत व फायटिंग अशा दुहेरी जातीवर उडत्या हल्ल्याचा फटका चौपट बसतो. लिलिगंट गेली. ऊन परत आणायला भाच्याला टॉर्कोल मागे घेऊन पुन्हा उतरवावा लागणार होता, आणि तेवढी उसंत मी दिली नाही.

यात डोकं कुठे लागतं, असं विचारणारा मीच होतो.

त्यानंतरची गंमत तर मला आधी कुणी सांगितली असती तरी पटली नसती. कागद उघडा असल्यामुळे पेलिपर आणि आर्काल्युडॉन शेजारी दिसले की समोरचा आपले चार गडी पावसाच्या धास्तीने निवडतो. मग मी पेलिपरला बसवूनच ठेवतो. बाकीच्यांतले चार कोरड्या मैदानात नीट उभे राहतात, आणि समोरच्याचा पावसावरचा उतारा तसाच पडून राहतो. हे दर वेळी साधत नाही. भाच्याला तर आता पाठच झालं आहे.

सगळंच पटलं असं मात्र नाही. हिमवर्षाव मला अजून रुचत नाही. अलोलाची नाइनटेल्स बर्फ पाडते आणि लगेच ऑरोरा वेलची भिंत उभारते, समोरच्याने ती फोडत बसायचं. लोक म्हणतात ती टीमही बारकाईने खेळावी लागते. म्हणोत.

सध्या आमचा वाद सहाव्या जागेवरून आहे. किंगॅम्बिट पाचवा, त्यावर एकमत. पावसात वेग दुप्पट करणारा बास्क्युलेजियन घे म्हणून भाचा हटून बसलाय. मी रिलाबूमच्या बाजूचा. कारण पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. समोरचाही पेलिपर घेऊन आला तर माझ्याच पावसावर त्याचे हल्ले पोसले जाणार, आणि तेव्हा टीममध्ये गवताचा गडी हवा. भाचा म्हणतो, त्यासाठी अमूंगस आहेच की. पण अमूंगस मंद, तो झोपवेल आणि मार अंगावर घेईल; पाण्याच्या गड्याला एका फटक्यात आडवा करणं त्याचं काम नाही. येत्या रविवारी दोन्ही टीम खेळून बघायचं ठरलंय.