चेरीची बाग : रडायचे कुणासाठी?

१. ऑक्टोबर १९०३. याल्टामध्ये क्षयाने खंगत चाललेल्या अंतोन चेकॉव्हने आपले अखेरचे नाटक, ‘द चेरी ऑर्चर्ड’, मॉस्को आर्ट थिएटरकडे धाडले. त्याच्या लेखी ती सुखात्मिका होती. दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्की संहिता वाचून रडला आणि ही शोकात्मिकाच आहे, असे त्याने लेखकाला कळवले. १२० वर्षे उलटली, तरी प्रत्येक नव्या प्रयोगाला या वादात बाजू घ्यावी लागते.

२. कथानक साधे आहे. कर्जात बुडालेली जमीनदारीण रानेव्हस्काया पॅरिसहून घरी परतते. २२ ऑगस्टला वाडा आणि बाग लिलावात निघणार असते. बाग तोडून तिथे उन्हाळी बंगल्यांसाठी भूखंड पाडा, असे व्यापारी लोपाखिन सुचवतो. कुटुंबाला ही सूचनाच हीन वाटते. अखेर बाग लोपाखिनच विकत घेतो.

३. यामागचा इतिहास १८६१ सालचा. त्या वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासप्रथा रद्द केली. लोपाखिनचे वडील आणि आजोबा याच इस्टेटीवर भूदास होते; त्यांना वाड्याच्या स्वयंपाकघरातही पाऊल ठेवता येत नसे. याच घरातला वृद्ध नोकर फिर्स मात्र त्या मुक्तीला अरिष्ट मानतो.

४. लोपाखिनची भूमिका स्टॅनिस्लाव्हस्कीने करावी, अशी चेकॉव्हची इच्छा होती. त्याने मात्र रानेव्हस्कायाचा भाऊ गायेव्ह रंगवला. रानेव्हस्काया झाली चेकॉव्हची पत्नी ओल्गा क्निपर. जुन्या रशियन पंचांगानुसार १७ जानेवारी १९०४ रोजी, लेखकाच्या ४४व्या वाढदिवशी, पहिला प्रयोग झाला. नाटकाचा तोल वाड्याच्या दुःखाकडे झुकला.

५. चेकॉव्हची तक्रार नेमकी होती : जो अंक फार तर १२ मिनिटांत संपावा, तो ४० मिनिटे चालतो. हा हिशेब क्षुल्लक नाही. शेवटच्या अंकात गाडी गाठण्याची धांदल उडते आणि त्या गडबडीत आजारी फिर्स बंद घरात विसरला जातो. अंक संथ चालला, की हे विसरणे नियतीचा खेळ भासते. तोच वेगाने चालला, की निष्काळजीपणा उघडा पडतो. झाडांसाठी अश्रू ढाळणाऱ्यांना माणूस आठवत नाही! चेकॉव्हला हेच दाखवायचे असावे. त्याच वर्षी जुलैत तो वारला आणि वाद मिटला नाही.

६. पुढच्या दिग्दर्शकांनी आपापली उत्तरे शोधली. १९७४ मध्ये मिलानला जॉर्जो स्ट्रेलरने रंगमंच पांढराशुभ्र केला आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर एक विशाल तलम पडदा पसरला, तीच बाग. १९८१ मध्ये पॅरिसला पीटर ब्रूकने नेपथ्याऐवजी गालिचे अंथरले आणि मध्यंतर न घेता नाटक सलग केले.

७. सामोवार आणि जुने पोशाख ठेवले वा गाळले, तरी हे नाटक आजचे होते. जमिनीचे भाव, कर्ज, लिलाव आणि वडिलोपार्जित घर यांची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. कठीण आहे ते आजोबांना मज्जाव असलेल्या घराचा मालक झालेल्या लोपाखिनचा आनंद आणि त्याचा संकोच प्रेक्षकाला एकाच वेळी जाणवून देणे.

८. हा प्रयोग पाहण्याचा योग आला, तर बाग कोण गमावतो हे पाहालच. ती बाग कुणाच्या श्रमावर उभी होती, हेही प्रयोग सांगतो का, ते अवश्य पाहा.