गणपतीचं नाटक घडलं त्या गावी

मेलबर्नला जाणारा आपला पर्यटक एक दिवस 'ग्रेट ओशन रोड'साठी राखून ठेवतोच. समुद्राकाठचा तो वळणावळणाचा रस्ता, पाण्यात उभे असलेले चुनखडीचे सुळके, हे सगळं पाहायचं तर वाटेत जिलाँग हे शहर लागतं. लागतं म्हणजे मोटारी बाहेरच्या बाहेर निघून जातात. माझ्या भाचीलासुद्धा मी 'मला जिलाँगला जायचंय' म्हटल्यावर आश्चर्य वाटलं. "मावशी, तिथं काय आहे?" तिनं विचारलं. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून मी आधी 'गिलाँग' म्हणत होते, तेही तिनंच सुधारलं.

मी तिला म्हटलं, तिथं गणपतीचं नाटक घडलं.

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनावरून गाडी सुटते आणि साधारण तासाभरात जिलाँगला पोचते. अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास. सपाट, कोरडा मुलूख, कुठं कुठं मेंढ्या आणि मध्येच एकटे उठलेले 'यू यांग्स'चे डोंगर. जिलाँग कोरियो नावाच्या उपसागरावर वसलंय. एकेकाळी इथून लोकरीच्या गाठी जहाजांत भरून जगभर जात. लोकरीच्या एका जुन्या दगडी वखारीत आता लोकर संग्रहालय आहे. नंतर १९२५ मध्ये फोर्डचा मोटार कारखाना आला आणि शहर कामगारांचं झालं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तो बंद पडला.

किनाऱ्यावर फिरायला मजा येते. जुन्या धक्क्याच्या लाकडी खांबांना रंगवून त्यांची माणसं केलेली आहेत. खलाशी, पोहणाऱ्या बायका, बँडवाले, असे शंभरावर रंगीत पुतळे जॅन मिचेल या कलावतीनं उभे केले. १८९२ सालचा एक घोड्यांचा पाळणाही काचेच्या घरात जपून ठेवलाय. मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस इथंच जाईल.

पण मी आले होते 'बॅक टू बॅक थिएटर'साठी. ही नाटक मंडळी १९८७ मध्ये याच गावात सुरू झाली. तिच्यातले नट ज्यांना जग मतिमंद म्हणतं असे. मंडळींचा स्वतःचा शब्द जास्त चोखंदळ आहे. 'ज्यांना बौद्धिक अपंगत्व आहे असं समजलं जातं अशी माणसं', असं ते म्हणत. त्या 'समजलं जातं'त सगळं आलं. हे नट हौशी नाहीत, इथं त्यांना पगार मिळतो. नाटकं कुणी लेखक बाहेरून आणून देत नाही. दिग्दर्शक आणि नट खोलीत बसून बोलतात, भांडतात, प्रसंग उत्स्फूर्त करून पाहतात आणि त्यातून वर्ष दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, नाटक उभं राहतं. १९९९ पासून ब्रूस ग्लॅडविन हे दिग्दर्शक या मंडळींबरोबर काम करू लागले आणि गावातली ही मंडळी जगभर फिरू लागली.

आदल्याच दिवशी भाचीनं मला मेलबर्नचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन दाखवलं होतं. पिवळ्या रंगाची, घुमटाची, दारावर ओळीनं घड्याळं लावलेली ही इमारत १९१० मध्ये पुरी झाली. आपल्या व्ही. टी. ला आपण जसं 'घड्याळाखाली भेटू' म्हणायचो, तसंच तिथलेही लोक म्हणतात. 'बॅक टू बॅक'नं २००५ मध्ये याच स्टेशनाच्या आवारात 'स्मॉल मेटल ऑब्जेक्ट्स' हे नाटक केलं. प्रेक्षक पायऱ्यांच्या बाकांवर, कानाला हेडफोन लावून बसलेले. समोर खरीखुरी गर्दी. त्या गर्दीत दोन मित्र हळू आवाजात बोलत असतात. बोलणं कानात ऐकू येतं, पण माणसं शोधावी लागतात. मग सुटाबुटातला एक गृहस्थ येतो. त्याला त्यांच्याकडून अमली पदार्थ हवे असतात, लगेच, कितीही पैसे लागोत. पण दोघांतला एक मित्र जागचा हलायला तयार नाही. त्याला काहीतरी सुचत असतं, आणि दुसरा म्हणतो, तो हलत नसेल तर मीही येणार नाही. झालं, सौदा बारगळतो. गोष्ट एवढीच. गाडी पकडायला धावणाऱ्या लोकांना आपण नाटकात आहोत याचा पत्ताही नसतो आणि प्रेक्षकाला कळतं की अशी संथ माणसं स्टेशनावर रोज असतील, आपण कधी पाहिली नाहीत. पुढं न्यूयॉर्कच्या फेरी बोटींच्या धक्क्यावरही हे नाटक झालं. मी त्या आवारात पंधरा मिनिटं उभी राहिले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता गणपतीचं नाटक. 'गणेश व्हर्सेस द थर्ड राइश', म्हणजे गणेश विरुद्ध नाझी राजवट. २०११ मध्ये मेलबर्नला त्याचा पहिला प्रयोग झाला. संहिता छापलेली आहे, ती मी प्रवासात वाचली. आपला स्वस्तिक हिटलरनं पळवला, तो परत आणायला गजानन जर्मनीत जातो, ही गोष्ट. पण तिच्याआड दुसरी गोष्ट चालते, ती तालमीची. नट आपसांत विचारतात, हा देव आपला नाही, मग त्याची गोष्ट सांगायचा हक्क आपल्याला आहे का? आणि ज्यूंच्या यातना? त्यांचा खेळ करायचा का? दिग्दर्शकाचं काम करणारा नट हळूहळू दांडगाई करू लागतो. रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून तो म्हणतो की हे लोक आपल्याला विचित्र प्राणी म्हणून बघायला येतात. मार्क नावाच्या नटाला नाटक कुठलं आणि खरं कुठलं हे कळतं का, यावर त्याच्यासमोरच वाद होतो. शेवटी दिग्दर्शक त्याच्याशी लपाछपीचा खेळ मांडतो आणि त्याला लपलेला ठेवून निघून जातो.

नाटकाची बातमी फुटली तेव्हा अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेनं निषेध केला होता. मलाही आधी कपाळाला आठी पडली होती, खोटं कशाला सांगू? पण वाचताना वाटलं, या मंडळींनी देव बरोबर निवडला. वक्रतुंड, एकदंत, लंबोदर. आपण रोज आरतीत ज्याला आळवतो त्याच्या नावांत त्याच्या शरीराचं वेगळेपणच सांगितलंय. आणि नाझींनी १९३९ पासून गॅसच्या कोठड्यांत आधी कुणाला मारलं? अपंगांना आणि मनोरुग्णांना. त्या पहिल्या मोहिमेत १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांहून जास्त माणसं मेली. नाटकात डॉक्टर मेंगेले गणेशाकडे कुतूहलानं बघतो, ते वाचताना अंगावर काटा येतो.

एक योगायोग सांगते. ज्या व्हिक्टोरिया राज्यात हे गाव आहे, त्यानं २०२२ मध्ये नाझी चिन्ह जाहीरपणे मिरवण्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातलं हे पहिलं राज्य. पण हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या धार्मिक स्वस्तिकाला कायद्यानं वगळलंय. भाचीच्या उंबऱ्यावर रांगोळीतला स्वस्तिक आहे, तो बिनधोक आहे.

या मंडळींना २०२२ मध्ये नॉर्वेचा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला. 'महाभारत' करणारे पीटर ब्रूक या पुरस्काराचे पहिले मानकरी होते. २०२४ मध्ये व्हेनिसच्या नाट्यमहोत्सवात जीवनगौरवाचा सुवर्णसिंहही त्यांना मिळाला. गाव मात्र याची फारशी जाहिरात करत नाही. मी किनाऱ्यावरच्या चहाच्या दुकानात विचारलं, तर बाई म्हणाल्या, "हो, आमचीच माणसं आहेत." आणि बिल पुढं केलं.

अपंगांच्या विम्याची जी राष्ट्रीय योजना ऑस्ट्रेलियानं २०१३ मध्ये सुरू केली, तिची पहिली चाचणी ज्या भागांत झाली त्यांत जिलाँगचा परिसर होता. योजनेचं मुख्यालयही इथंच आहे. ज्याला जी गरज, मदतनीस असो, चाकाची खुर्ची असो, त्याप्रमाणे सरकार खर्च देतं. शिवाय व्हिक्टोरियात २००३ पासून 'सोबती कार्ड' आहे. अपंग माणसाबरोबर आलेल्या सोबत्याला नाटकाचं वेगळं तिकीट पडत नाही. काही प्रयोग तर मुद्दाम मोकळे ठेवतात. दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी, मध्येच उठून बाहेर गेलं, कुणी मोठ्यानं बोललं, तरी कुणी 'शूऽऽ' करत नाही. आपल्याकडेही धडपड करणारे आहेत. स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणलं. अपघातात पाय गमावून जयपूर फूटवर नाचणाऱ्या सुधा चंद्रनचा 'नाचे मयूरी' आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण आपल्याला अशी गोष्ट आवडते ती अपंगत्वावर मात करण्याची. ज्याला मात करायची नाही, आहे तसंच नाटकात यायचंय, त्याचं काय करायचं, ते आपल्याला सुचत नाही.

मलाही सुचलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक मी बसवत असे. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. अकरा वर्षांचा, बोलणं अस्पष्ट, पण इतरांची वाक्यं त्याला पाठ. मी त्याला सलग तीन वर्षं झाड केलं. अंगावर हिरवा कागद आणि हलायचं नाही. लोक टाळ्या वाजवत, मला 'किती छान सामावून घेता हो' म्हणत, आणि मला ते खरं वाटत असे. चौथ्या वर्षी तो आला नाही. मी विचारलंही नाही.

परतीच्या गाडीत मला तेच आठवत होतं. भारतात आल्यावर त्याच्या आईला फोन लावला. आता तो तिशीचा आहे. म्हटलं, या वर्षी मोठ्यांचं नाटक करतोय, त्याला घ्यायचंय.

"अहो, मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "त्यालाच विचारा ना."

फोन त्याच्या हातात गेला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्यानं विचारलं, "काकू, झाड नाही ना?"