दुसऱ्याच्या हातचं पाणी

माझा बाप्तिस्मा मला आठवत नाही. तान्हा होतो, खूप रडलो, एवढंच घरचे सांगतात. त्या दिवशी आई-वडिलांनी माझ्या वतीने जी वचनं दिली, ती पुढे कळत्या वयात मंडळीसमोर उभं राहून मी माझी म्हणून कबूल केली. बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मित्रांना हा क्रम पटत नाही. आधी विश्वास, मग पाणी. आणि तेही नुसतं शिंपडून नव्हे, पुरतं बुडवून. वाद जुना आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे: बाप्तिस्मा कोणी स्वतःचा स्वतः घेत नाही. प्रार्थना एकट्याने होते, उपास एकट्याने होतो, बायबल तर कोणाला कळू न देता रात्री वाचता येतं. इथे मात्र दुसऱ्यापुढे मान वाकवावी लागते. बाप्तिस्मा देणारा योहान नको नको म्हणत असताना येशूसुद्धा यार्देन नदीत त्याच्यापुढे वाकला.

दुसऱ्याच्या हातचं पाणी ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. मनाने ख्रिस्ताचं होऊन घरातच राहणं त्यांना जमलं असतं. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. विचार कितीही बदलले तरी समाज एक वेळ सांभाळून घेई; ते पाणी डोक्यावर पडलं की मात्र माणूस मेला असं धरी. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, असं पौलाने रोमकरांस लिहिलं. आपल्या समाजाने ते पत्र न वाचताच अमलात आणलं.

कोकणातले हे ब्राह्मण कवी पुढे नगरच्या ज्या मंडळीत राहिले, तिथले बहुतेक लोक महार-मांग समाजांतून आलेले होते. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या तेव्हा सोवळं-ओवळं घेऊनच परतल्या. त्यांच्या मनातून जात आधी गेली, त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या, आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. पाळकाने पाण्यात हात घालण्याआधीच त्यांचा अर्धा संस्कार उरकला होता, असं त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला वाटतं.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत चिमुकली मनोरमाही होती. आई संस्कृतची पंडिता, लेकीला अजून धड बोलताही येत नसेल. पाणी दोघींना एकच. शिवाय रमाबाईंनीच पुढे सांगितलं, की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली.  मला हे फार मोलाचं वाटतं. त्या दिवशी पुरतं समजलं होतं की नाही, यावर बाप्तिस्मा अवलंबून नसतो. समज मागाहून येते, कधी आयुष्यभर येत राहते. पाळण्यातल्या माझ्या रडण्यालाही त्यामुळे थोडा आधार मिळतो.

आणि मग टिळकांचा शेवटचा टप्पा. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. मंडळीतल्या अनेकांना ते रुचलं नाही. ज्याने बाप्तिस्म्यापायी संसार पणाला लावला, त्यानेच तो हलका केला, असं वरवर वाटतं. मला तसं वाटत नाही. सोवळ्याची भिंत पाडून आलेल्या माणसाला बाप्तिस्म्याचंच नवं सोवळं झालेलं कसं पाहवेल?

ते सोवळं आजही आमच्यात आहे. बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात जपून ठेवायचा आणि सोयरीक जुळवताना पूर्वजांची जात विचारायची, हे आमच्या मंडळ्यांत चालतं. आम्ही संस्काराची तारीख लक्षात ठेवली, तो कशासाठी होता ते विसरलो. बाप्तिस्मा महत्त्वाचा आहेच, कारण देवाच्या घरात आपण आपल्या पायांनी शिरत नाही, कोणीतरी हात धरून घेतं, हे तो शिकवतो. असा आत घेतला गेलेला माणूस दारात उभं राहून इतरांची जात विचारू लागला, तर पाणी फक्त त्याच्या केसांना लागलं, एवढंच म्हणता येईल.