परसातील साउना

धाकट्या भावाचा ताम्पेरेहून फोन आला. ‘दादा, वहिनी, यंदा मेच्या सुट्टीत याच. परसात साउना बांधायला काढली आहे.’ आपण ज्याला सॉना म्हणतो त्याचा फिनिश उच्चार साउना. आम्ही तोंडभरून कौतुक केले, आणि फोन ठेवल्यावर दोघेही बराच वेळ गप्प बसलो. मागल्या पावसाळ्यात राजापूरकडील आमच्या घराची न्हाणी कोसळली होती. तिच्या दुरुस्तीचा विषय काढला की याचे उत्तर ठरलेले असे : ‘बघू.’ इथली न्हाणी पडलेली असताना तिथे घाम गाळण्यासाठी खोली उभारावी, हे आम्हांला रुचले नव्हते. तरीही गेलो. सामानात घराच्या वाटणीच्या कागदांची फाईल होती. तिची वाच्यता मात्र केली नव्हती.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आणि साउना सुमारे ३० लाख. म्हणजे ती चैनीची वस्तू नव्हे. आपल्याकडे देवघर असावे तितक्या सहजतेने ती घरात असते. ताम्पेरेतील राजापोर्त्ती ही सार्वजनिक साउना १९०६ पासून चालू आहे. २०२० साली युनेस्कोने फिनिश साउनासंस्कृतीला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले. हे सारे आम्ही जाण्यापूर्वी वाचले होते. खोली कशी उभी राहते हे मात्र हातात करवत आल्यावरच कळले.

जागा अवघी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. खाली खडीचा थर, त्यावर पाया, मग लाकडी सांगाडा. भिंतींत उष्णतारोधक थर, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा कागदासारखा पातळ. त्याचे सांधे चिकटपट्टीने इतके काटेकोर बंद करायचे की वाफेला भिंतीत शिरायला फट राहू नये. पत्रा आणि आतल्या स्प्रूसच्या फळ्या यांच्यामध्ये बोटभर पोकळी. बसायच्या बाकांना अॅस्पनचे लाकूड, कारण त्यातून डिंक पाझरत नाही आणि ते अंगाला फारसे चटकत नाही. स्क्रू खालच्या बाजूने मारायचे. तापलेले लोखंड कातडीला लागता कामा नये. दार बाहेर उघडणारे आणि बिनकडीचे, कारण आत कुणाला भोवळ आली तर नुसत्या धक्क्याने ते उघडले पाहिजे. सर्वांत महत्त्वाचा नियम उंचीचा. वरच्या बाकावर बसणाऱ्याची पावले भट्टीवरील दगडांच्या पातळीला वा त्याहून वर हवीत. नाहीतर डोके तापते आणि पाय गार राहतात. दगडही गच्च रचायचे नाहीत. त्यांच्यामधून हवा खेळली तरच ते तापतात.

हे करताना आम्हांला चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायाची आठवण होत होती. त्यात स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले असून जेन्ताक हा त्यांतील एक. तळ्याकाठी पूर्वाभिमुख वा उत्तराभिमुख वर्तुळाकार घर बांधावे, मातीने लिंपावे, भिंतीलगत बसायला ओटा करावा, मध्यभागी भट्टी उभारावी. खैरासारखी लाकडे जळून धूर निघून गेला की मग आत जावे, असे ते वर्णन आहे. फिनिश धूर-साउनेची रीतही हीच : धुराडे नाही, लाकडे जाळायची, धूर जाऊ द्यायचा, मग बसायचे. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आणि फरकही लक्षणीय आहे. जेन्ताकातून बाहेर येताच थंड पाण्याला स्पर्श करू नये, डोळ्यांना अपाय होतो, असे चरक बजावतो. फिनिश माणूस तडक तळ्यात उडी घेतो. भाऊ हसून म्हणाला, ‘मी चरकाच्या बाजूचा. अजून.’

तापलेल्या दगडांवर पाणी ओतले की जी वाफ उठते तिला फिनिशमध्ये ‘लोय्ल्यू’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण. हंगेरियनमधील आत्मावाचक ‘लेलेक’ हा त्याचाच सगोत्र. ‘वाफ’ म्हणून भाषांतर केले की अर्धा शब्द हातचा जातो. पूर्वी तिथल्या स्त्रिया साउनेत बाळंत होत आणि मृतांना अखेरचे स्नानही तिथेच घातले जाई. घरात सर्वांत स्वच्छ आणि ऊबदार जागा तीच. हे ऐकल्यावर आम्हांला आमची न्हाणी आठवली नसती तरच नवल. चुलीवरचा हंडा, ओल्या शेणीचा धूर, बाळंतिणीचा शेक आणि ओव्याची धुरी. आमची लेक सव्वा महिन्याची होईपर्यंत सासूबाईंनी माय-लेकींना त्याच न्हाणीत न्हाऊ-माखू घातले होते.

पहिल्या खऱ्या तापवणीच्या संध्याकाळी आधी बायका आत गेल्या, मग पुरुष. त्यामुळे जे बोलणे झाले ते आम्हां दोघांना अर्धे-अर्धे मिळाले आणि रात्री आम्ही ते जुळवले. सुताराने मोठी काच सुचवली होती, असे जाऊ सांगत होती. पण यांनी पूर्वेला वीतभर झरोकाच हवा म्हणून हट्ट धरला. कशासाठी, ते तिला कळले नव्हते. आम्हांला कळले. आणि तिकडे अंधारात, दगडांवर पळीभर पाणी ओतून झाल्यावर, भाऊ म्हणाला होता, ‘दादा, न्हाणी पडल्याचे तू कळवलेस तेव्हा मी फोटो मागितला नाही. मला तो बघायचा नव्हता.’ मग पुष्कळ वेळ कुणीच बोलले नाही. साउनेत गप्प बसणे अशिष्ट मानत नाहीत, हे बरे.

झरोक्याने आमचा राग पुरता गेला असे म्हणणे खोटे ठरेल. परसात साउना बांधणारा माणूस परत येत नसतो, एवढे त्या बांधकामातून स्पष्ट झाले होते. आणि ते त्याने तोंडाने न सांगता घण-करवतीने सांगितले, याचे थोडे वाईटही वाटले. पण ‘बघू’ या उत्तराला आम्ही इतके दिवस बेफिकिरी समजत होतो, ते चुकले होते. तिसऱ्या दिवशी फाईल बाहेर काढली. त्याने सगळी पाने वाचली, सह्या केल्या आणि एकच मागणी केली : न्हाणीतला तांब्याचा हंडा.

हंडा आमच्याकडे आणून ठेवला आहे. कल्हई करून घेतली. विमानात त्याचे वजन कसे बसवायचे, याचा हिशेब चालू आहे. न्हाणीचे जोते अजून तसेच आहे. यंदा निदान त्यावर पत्रे टाकून घ्यायला हवेत.